कुणाकडचे पाहुणे

फ्रेंच भाषेत 'ओत' असा एक शब्द आहे. त्याचा अर्थ यजमान. आणि त्याचाच अर्थ पाहुणा. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी बारावी होऊन घरी बसले होते आणि आमच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहणाऱ्या दीक्षितबाई मला फ्रेंच शिकवत होत्या. बाई अजिंठ्याला गाइड होत्या. फ्रेंच पर्यटकांच्या गाड्या त्यांच्या वाट्याला यायच्या. संध्याकाळी लेण्यांवरून परत आल्या की त्या गच्चीवर बादलीत कोमट पाणी घेऊन पाय बुडवून बसत आणि मी समोर ज्वारी निवडत बसे. पुस्तक एकच होतं आणि ते त्यांच्या मांडीवर असे. मी त्यांना विचारलं, एकाच शब्दात दोघं कसे मावतात, मग चहा कुणी करायचा आणि कुणी प्यायचा ते कळतं कसं. बाई म्हणाल्या, बोलणाऱ्याला कळतं, तू पुढचं वाक्य वाच. पण पुढचं वाक्य वाचण्याआधी त्यांनी मला थोडं मागं नेलं. लॅटिनमध्ये 'होस्पेस' म्हणून शब्द होता, तोही असाच दोन्हीकडचा. त्याच्यापासून इटालियन माणसाचा 'ओस्पिते' आला, तो आजही दोन्ही अर्थांनी चालतो. स्पॅनिश आणि पोर्तुगीज भाषांत मात्र त्या शब्दाची पोरं बहुतेक पाहुण्याच्याच बाजूला जाऊन बसली. हॉटेल त्याच घरातलं, हॉस्पिटलही त्याच घरातलं. आणि पोर्तुगिजांच्या गलबतातून तोच शब्द आपल्याकडे उतरला तेव्हा त्याचं 'इस्पितळ' झालं. म्हणजे परक्या आजारी माणसाला टेकायला जागा देणारं घर. बाई म्हणाल्या, 'तुरुंग' हा शब्दही त्यांच्याकडूनच आलाय, आणि खालच्या रस्त्याकडे हात केला.

कारण आमचं घर हर्सूलला, जळगाव रस्त्याला लागून, तुरुंगापासून हाकेच्या अंतरावर होतं. तिथले टोले आमच्या घरात घड्याळासारखे वापरले जायचे. आई कुकर टोल्यावर लावायची. सकाळी अजिंठ्याकडे जाणाऱ्या गाड्या, मग एसट्या, मग दुपारची शांतता, आणि त्या शांततेत फाटकाची कडी वाजायची. तुरुंगात कुणाला भेटायला आलेली माणसं उन्हात बसून कंटाळली की पाणी मागायला यायची. आमच्याकडे पाणी मागणाऱ्याला नाही म्हणायची पद्धत नव्हती. नुसतं पाणीही द्यायचं नाही, तांब्याबरोबर गुळाचा खडा. आई ते सगळं करायची आणि त्या माणसाची पाठ फिरली की तांब्या राखेनं घासायची. दोन्ही गोष्टी ती सारख्याच नेमानं करायची.

अप्पा पाटबंधारे खात्यात कारकून होते. मूळ गाव गंगापूरकडचं, आईचं माहेर पैठणकडचं. दोन्ही बाजूंची माणसं कोर्टाला, दवाखान्याला, कॉलेजच्या प्रवेशाला शहरात यायची आणि आमच्या पुढच्या खोलीत उतरायची. आठवड्यातून दोन दिवसही आम्ही घरचेच जेवलो असं व्हायचं नाही. येसराच्या आमटीचं पातेलं मोठं, भाकरीची टोपली मोठी, सकाळचा चुरमुऱ्यांचा सुशीला तर आई परातीत करायची. आणि या सगळ्या येण्याजाण्याचा एक नियम होता, जो कुणी कधी बोलून दाखवला नव्हता. आलेल्या माणसाला का आलात आणि किती दिवस आहात हे विचारायचं नाही. पाऊसपाणी विचारायचं, कापूस कसा आहे विचारायचं, तब्येत विचारायची. कामाचं तो सांगेल तेव्हा. विचारलं म्हणजे जा म्हटल्यासारखंच. आणि तुम्ही कोण हे विचारणं तर त्याहून वाईट, कारण त्याचा अर्थ आम्ही तुम्हाला ओळखत नाही, आमचं नातं आम्ही विसरलो.

आज वेरूळच्या रस्त्यावर माझ्या स्वतःच्या चार खोल्या आहेत, पर्यटकांसाठी. बोर्डावर आता छत्रपती संभाजीनगर लिहिलंय. ओळखपत्र हातात आल्याशिवाय मी कुणाला किल्ली देत नाही. लोक म्हणतात बाई फटकळ आहे. असेन. पण ज्या घरात कुणी कुणाला काही विचारत नाही त्या घरात काय होतं ते मी पाहिलेलं आहे.

त्या वर्षी नामदेवकाकांनी, म्हणजे अप्पांच्या चुलतभावानं, माझ्यासाठी वैजापूरकडचं एक स्थळ आणलं होतं. ऊस आहे, मुलगा शहरात नोकरीला आहे, माणसं मोठी आहेत. काकांनी जाताना अप्पांना बाजूला घेऊन सांगितलं होतं की ती माणसं सांगून बघायला येणार नाहीत. आधी कुणीतरी सहज आल्यासारखं येईल, घर बघेल, मुलीची वागणूक बघेल, आणि जाईल. तुम्ही आपलं रोजच्यासारखं राहा. काकांच्या या बोलण्यानंतर आमच्या घरात कुणीही रोजच्यासारखं राहिलं नाही. आईनं पडदे धुतले. मला गच्चीवर मोठ्यानं फ्रेंच वाचायला बंदी झाली.

दुसरीकडे दीक्षितबाईंनी स्टेशन रोडवरच्या एका मोठ्या हॉटेलात माझ्याबद्दल शब्द टाकला होता. तिथं फ्रेंच पर्यटक उतरायचे आणि स्वागताच्या टेबलावर चार वाक्यं धड बोलणारी मुलगी हवी होती. गुरुवारी सकाळी तोंडी परीक्षा होती. अप्पा हो म्हणाले नव्हते, नाही म्हणाले नव्हते. बघू म्हणाले होते. त्या 'बघू'वर मी जगत होते. मला लग्नाचं वावडं नव्हतं. मला फक्त त्याआधी त्या टेबलामागं बसायचं होतं, आणि ती संधी दुसऱ्यांदा येणार नाही एवढं मला कळत होतं.

सोमवारी दुपारी फाटकाची कडी वाजली. पांढरं धोतर, स्वच्छ सदरा, डोक्याला पटका, हातात कापडी पिशवी, वय पन्नाशीच्या पुढं. त्यानं पाणी मागितलं. आईनं त्याचा पटका बघितला, पायातल्या वहाणा बघितल्या आणि तो आपल्यातला आहे असं ठरवलं. "या पाव्हणं, उन्हाचं बाहेर कशाला, आत टेका," असं ती म्हणाली. तो घुटमळला, मग आला. तिला वाटलं अप्पांच्या ओळखीचा असेल. संध्याकाळी अप्पा आले तेव्हा तो पुढच्या खोलीत चहा पीत बसलेला. अप्पांनी रामराम केला, पाऊसपाणी विचारलं, आणि कुठनं आलात एवढंच विचारलं. "वैजापूरकडनं," तो म्हणाला. अप्पा स्वयंपाकघरात आले आणि आईला हळूच 'वैजापूर' एवढंच म्हणाले. आईनं काही न विचारता तुपाची बरणी खाली काढली.

मुक्काम आहे ना, असं अप्पांनी त्याला विचारलं ते आग्रहानं, आणि त्यानं जरा वेळानं मान हलवली. झालं. त्या रात्रीपासून मला नेसायला साडी, बोलायला फक्त हो आणि नाही, आणि दीक्षितबाईंच्या जिन्याकडे फिरकायचं नाही अशी ताकीद. गुरुवारचं काय, असं मी आईला विचारलं तर ती म्हणाली, पाव्हणे जाईपर्यंत तोंड मिटून राहा. पाव्हणे जाण्याचं नाव काढत नव्हते.

मला मात्र पहिल्या जेवणापासून काहीतरी खटकत होतं. मुलगी बघायला आलेला माणूस मुलगी बघतो. हा माझ्याकडे बघतच नव्हता. मी ताट ठेवलं की तो ताटाकडे बघे. अप्पा ऊस, विहीर, दर यांवर विषय नेत, आणि स्थळाकडचा माणूस त्यावर फुलायला हवा, तर हा म्हणे, "आसंल, आसंल." पुरणाची पोळी वाढली तर अर्धी खाल्ली आणि अर्धी, आई आत वळल्यावर, रुमालात बांधली. मंगळवारी सकाळी 'जरा फिरून येतो' म्हणून निघाला तो शहराकडे गेलाच नाही. मी गच्चीवरून बघत होते. तो तुरुंगाच्या भिंतीच्या कडेनं गेला आणि समोरच्या लिंबाखाली बसला. तासाभरानं तसाच परत आला. मी आईला सांगितलं. आई म्हणाली, मोठी माणसं, सकाळची हवा खायला जातात.

मी दीक्षितबाईंना कपडे वाळत घालताना गाठलं आणि सगळं सांगितलं. बाईंचा स्वभाव असा की पोस्टमननं नाव विचारलं तरी त्या का म्हणून विचारत. त्यांनी विचार केला आणि म्हणाल्या, शिक्षा भोगून सुटलेला असेल, घर हेरत असेल. मग त्यांच्यातली मास्तरीण जागी झाली. त्या म्हणाल्या, मी तुला 'होस्पेस' सांगितला, त्याच्या आधीचा सांगितला नव्हता. त्याच्या पोटात 'होस्तिस' म्हणून जुना शब्द आहे. होस्तिस म्हणजे मुळात नुसता परका, ज्याच्याशी देणंघेणं आहे असा परका. पुढं रोमन लोकांनीच त्याचा अर्थ बदलला. होस्तिस म्हणजे शत्रू झाला. त्याच्यापासून जुन्या फ्रेंचमध्ये आणि स्पॅनिशमध्ये सैन्याला शब्द आले. "एकाच माणसापासून पाहुणा निघाला आणि शत्रूही निघाला," बाई म्हणाल्या. "तुमच्या पुढच्या खोलीत कुठला बसलाय ते बघा."

तेव्हा मला हे बाईंचं नेहमीचं पुस्तकी बोलणं वाटलं. नंतर नोकरीत, शब्दकोश विकत घेण्याइतका पगार झाल्यावर, मी ते पुन्हा वाचलं, आणि आमचा 'पाहुणा'ही तपासला. तो 'प्राघूर्ण'पासून आला असं कोशात सापडलं, म्हणजे फिरत फिरत आलेला. आमच्या शब्दात तो फक्त फिरतो. बरा का वाईट, हे शब्दानं सांगितलेलं नाही, ते घरानं ठरवायचं. परक्याचा शत्रू व्हायला लॅटिनला किती शतकं लागली मला माहीत नाही. आमच्याकडे मला दोन दिवस लागले होते. मंगळवारी संध्याकाळी मी त्याची पिशवी कुठं आहे, तो कपाटाकडे बघतो का, एवढंच बघत होते, आणि त्याला ताट वाढताना माझा हात आखडता येत होता.

बुधवारी सकाळी तो हापशावर तोंड धूत होता. आई पूजेत होती, अप्पा दाढी करत होते. मी हंडा घेऊन गेले आणि दांडा हातात धरून उभी राहिले, हापसलं नाही. आमच्या घरात जे कुणी कधी विचारलं नव्हतं ते मी विचारलं. "पाव्हणं, तुमी कुणाकडचे?"

त्यानं तोंडावरचं पाणी पटक्याच्या टोकानं पुसलं. "मला वाटलं ह्या घरात कुणी इचारायचंच नाय," तो म्हणाला. मग खालच्या आवाजात सगळं सांगितलं. मुलगा तुरुंगात आहे. शेताच्या बांधावरून मारामारी झाली, समोरचा अधू झाला. भेटीचा वार त्यानं चुकीचा धरला होता, सोमवारी आला तर कळलं बेस्तरवारी या. परत जाऊन पुन्हा यायचं म्हणजे दोन दिवस तसेच जाणार. फाटकाशी पाणी मागितलं तर आत या म्हणाले, राहा म्हणाले, तूप वाढलं. "इतका मान मला माझ्या सोयऱ्यानं बी दिला नाय. मला वाटलं तुमच्यात समद्यांनाच आसं आसंल."

मी त्याला सांगितलं की समद्यांना असं नसतं, तुम्हाला आमच्या घरचे मुलाकडचे समजतात. त्याचा चेहरा उतरला. खरंच उतरला, नाटक नव्हतं. आणि मी, तिथंच, डोकं चालवलं. मी म्हटलं, तुम्हाला गुरुवारपर्यंत राहायचंय, मला गुरुवारी सकाळी बाहेर जायचंय. तुम्ही आज अप्पांना एवढंच म्हणा की पोरगी शिकती, नोकरी करती म्हणल्यावर आमची काही हरकत नाही. मी तोंड उघडणार नाही, तुम्हीही उघडू नका. त्यात मला आजही काही गैर वाटत नाही. सौदा सरळ होता.

तो म्हणाला, "पोरी, न बोलता खाल्लं. खोटं बोलून खायचं व्हत नाय मला."

मी हापसायला लागले. मला राग आला होता. हा खरं सांगणार, अप्पा त्याला हाकलणार, आणि फसवले गेलो या संतापात माझाही गुरुवार जाणार, हे मला डोळ्यांसमोर दिसत होतं. दिवसभर मी त्याच्याकडे बघितलं नाही.

संध्याकाळी ताटं मांडली तरी तो बसला नाही. पिशवी खांद्याला, वहाणा दाराशी. उभ्यानंच त्यानं अप्पांना सांगितलं, मुलाचं, बांधाचं, बेस्तरवाराचं, सगळं, आणि हेही की तुमच्या पोरीच्या सोयरिकीशी माझा काही संबंध नाही, तुम्ही मला काय समजता ते आज कळलं. माझं नाव त्यानं घेतलं नाही. अप्पांच्या हातातलं पाण्याचं भांडं तसंच राहिलं. मग ते आत आले आणि आईवर उखडले.

"तू इचारायचं ना त्याला."

"तुमी वैजापूर म्हणलात, मी कशाला इचारू? मला वाटलं तुमच्याकडचे."

"मला वाटलं तू घेतलंस घरात म्हणजी म्हाईत आसंल."

असं बराच वेळ चाललं, तो बाहेर उभा आणि हे आत, आणि सगळं त्याला ऐकू जात होतं. तुरुंगाचे आठाचे टोले पडले. आमटीवर साय धरली. शेवटी अप्पा म्हणाले, त्याला वाट दाखवा, आणि पोरीचं ते हॉटेलबिटेल आता डोक्यातनं काढा, घरात हा प्रकार, बाहेर काय व्हईल.

आई चुलीपाशी बसली होती ती उठली. ती अप्पांशी वाद घालणारी बाई नव्हती, तिचं सगळं बोलणं भांड्यांच्या आवाजात असायचं. पण त्या दिवशी ती बोलली. "तीन दिवस घरात कोण बसलंय ह्याचा पत्ता नाय आपल्याला. त्याला तूप वाढलं आन् आपल्या लेकीला कोंडून ठिवलं. आता आणिक कुणापासनं जपायचीय तिला?"

आईनं ताट वाढलं आणि बाहेर नेऊन ठेवलं. आमटी, भाकरी, शेंगदाण्याची चटणी. तूप नव्हतं. हे मी नीट बघितलं. आणि त्याची पथारी पुढच्या खोलीतून उचलून ओसरीवर टाकली, मधल्या दाराला आतून कडी घातली. ताट उचलल्यावर तिनं ते राखेनं घासलं का, असं कुणी मला विचारतं. घासलं. पण त्याला जायला सांगितलं नाही.

गुरुवारी सकाळी मी आईची निळी साडी नेसले. अप्पा वर्तमानपत्र समोर धरून बसले होते, मी जाते म्हटल्यावर त्यांनी पान उलटलं. दीक्षितबाईंनी जिन्यावरून फ्रेंचमध्ये काहीतरी म्हटलं, ते मला कळलं नाही आणि त्या क्षणी मला भीती वाटली. तो माणूस फाटकाबाहेर उभा होता. बसथांब्यापर्यंत आमचा रस्ता एकच होता. तो चार पावलं मागं चालत राहिला, कारण माझ्याबरोबर चालणं बरं दिसलं नसतं. तुरुंगाच्या फाटकाशी लोक जमले होते. तो वळला तेव्हा मी म्हटलं, ती पोळी शिळी झाली असेल, आत देऊ देणार नाहीत. "द्यायला नाय," तो म्हणाला, "त्येला सांगायला. कुणीतरी पुरण घातलं म्हणून."

त्याची आणि मुलाची भेट झाली का, मला माहीत नाही. तो पुन्हा आमच्याकडे आला नाही. वैजापूरकडचं स्थळही आपोआप बारगळलं. कुणी बघून गेलं असेल तर आम्हाला कळलं नाही.

हॉटेलात दोघं साहेब आणि एक बाई होत्या. त्यांनी मला पर्यटकाशी बोलतात तसं बोलायला लावलं. मी अडखळले, पण थांबले नाही. शेवटी त्या बाईनं विचारलं, माणूस दारात आला की सगळ्यात आधी काय करशील. मी म्हटलं, कोण, कुठले आणि किती दिवस, हे विचारीन. पाणी? असं तिनं विचारलं. मी म्हटलं, नंतर. तिघंही हसले, आणि पुढच्या सोमवारपासून ये म्हणाले.

मी दुपारच्या बसनं परत आले. अप्पांना कसं सांगायचं याचाच विचार करत फाटकापर्यंत पोचले. फाटकाबाहेर उन्हात एक म्हातारी उभी होती, भेटीला आलेली, पदर डोक्यावर ओढलेला. आत आई उभी होती, हातात भरलेला तांब्या, तांब्यावर गुळाचा खडा. फाटकाची कडी तिनं काढली नव्हती. "कुणाकडच्या तुमी?" ती म्हातारीला विचारत होती. म्हातारीला काय सांगावं कळेना, आणि आई तांब्या हातात धरून उत्तराची वाट बघत उभी राहिली.